पाण्यावरची दोन दारे

१

लाकडाचे बदक मुळातच खोटे असते; तरीही त्यात पाप नाही, असे हॉलिस बेटावरची माणसे मानत आली आहेत. आकाशातून जाणाऱ्या जिवंत पक्ष्याला ते भुलवते, घरातली चूल पेटती ठेवते, आणि संध्याकाळ झाली की दोरी अंगाभोवती गुंडाळून घेऊन मुकाट्याने पोत्यात जाऊन पडते. घडवणारा जाणतो, पाण्यात सोडणारा जाणतो. त्या दोघांत आडपडदा नसतो. अधर्माला आरंभ होतो तो तेच लाकूड माणसाला भुलवू लागते तेव्हा. आणि माणसाला भुलवायला निघालेले खोटे एका माणसापाशी थांबत नाही, त्याला लपवण्यासाठी आणखी एक खोटे पाण्यात सोडावे लागते.

जानेवारीतल्या त्या शनिवारी सकाळी बगळेटोकापाशी एल्वूड पार्क्स पाण्यात पालथा पडलेला सापडला. खाडीच्या दोन्ही काठांवर त्याच्या तोडीची लाकडी बदके घडवणारा दुसरा माणूस उरला नव्हता. त्याची नाव लव्हाळ्यात अडकली होती, बंदूक शिकाऱ्याने दडून बसायच्या आडोशात टेकून ठेवलेली होती, आणि समोरच्या पाण्यावर त्याच्याच हातची बदके, डोक्यांवर बर्फाचे कवच घेऊन डुलत होती. डोक्याच्या मागच्या बाजूस जखम होती.

प्रेत पाहिले ते त्याच्या जावयाने, वेस ब्रॅडशॉने. त्यानेच धावत येऊन वर्दी दिली, आणि दुपार व्हायच्या आत शेरीफने त्यालाच अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत कोंडले. कारणे साऱ्या बेटाला तोंडपाठ होती. गुरुवारी दुकानाच्या ओट्यावर सासरा-जावयाचे कडाक्याचे भांडण झाले होते. वेसचे म्हणणे, एल्वूडच्या आजोबांनी घडवलेली जुनी बदके बेटावर आलेल्या फिलाडेल्फियाच्या संग्राहकाला विकून टाकावीत. एल्वूडचे म्हणणे, आपल्या आजोबांच्या हातचे काम विकायला काढणाऱ्याचे तोंड पाहू नये.

दुपारी एल्वूडची मुलगी लोरेना ॲसबरी डाइझच्या दारात उभी राहिली. ॲसबरी सत्तरीचा, उभा जन्म त्याने सरकारी शिकार-रखवालदार म्हणून याच दलदलीत काढला होता. बेटावर असे घर विरळेच, ज्यातल्या कुणाला त्याने कधी ना कधी चोरट्या शिकारीसाठी दंड केला नव्हता.

"आत ये, पोरी. थंडीत उभी राहू नकोस."

"बसायला नाही आले, कॅप्टन ॲसबरी." तिचे डोळे कोरडे होते. "वडील गेले. आता नवराही नेतायत. सोमवारी सकाळच्या बोटीनं त्याला पलीकडं कोर्टात घेऊन जाणार. तुम्ही वेसला दोनदा पकडलंत. आता एकदा सोडवा."

"त्यानं केलं नसेल तर सोडवीन."

"आणि केलं असेल तर?"

"तर तेही तुला मीच येऊन सांगेन."

तिने मान हलवली. जाता जाता वळून म्हणाली, "बाबा या हिवाळ्यात एकटेच जायचे शिकारीला. मी किती वेळा सांगितलं, या वयात एकटं जाऊ नका. पण त्यांच्या जोडीच्या हॅन्सकाकांचे गुडघे धरलेत, आणि दुसऱ्या कुणाला बाबा शेजारी बसू द्यायचे नाहीत."

२

बगळेटोक म्हणजे पाण्यात शिरलेली जमिनीची चिंचोळी जीभ. तिच्या टोकावर लव्हाळ्याचा आडोसा, आणि दोन्ही अंगांना पाणी. वायव्येचा वारा इतका बोचरा होता की शेरीफ पर्नेलला बोलायलाही पाठ फिरवावी लागत होती.

"काही हलवलेलं नाही, ॲसबरी. पुरावा आहे म्हणून लाकडी बदकांचा थवा पाण्यातच ठेवलाय. पण बघायचंय काय त्यात? म्हातारा पहाटे आला, बदकं सोडली. मागून जावई आला, वल्ह्यानं टोला दिला. जो 'सापडलं' म्हणून ओरडत येतो ना, तोच बहुतेक वेळा विसरल्याचं सोंग करत असतो की त्यानंच ठेवलं होतं."

"पहाटे आला हे कशावरून?"

"घ्या! रखवालदारी सोडली आणि डोळेही सोडलेत वाटतं." शेरीफने पाण्याकडे बोट केले. "सगळ्या चोची बघ. वायव्येला. आजचा वारा वायव्येचा. म्हणजे आजच सोडलेली."

 ॲसबरीने काठावरची काठी उचलली आणि सर्वांत जवळच्या बदकाची दोरी वर ओढली. खालच्या शिशाच्या वजनासकट ती वर आली.

"चोच वाऱ्याबरोबर फिरते, पर्नेल. वारा बदलला की लाकडाचं बदकही तोंड फिरवतं. फिरत नाही ते हे वजन. थवा कुठं मांडलाय ते बघ, तोंड कुठं केलंय ते नको."

"कुठं मांडलाय?"

"टोकाच्या वायव्येला. आज या वाऱ्यात इथं मांडणारा माणूस वारा छातीवर घेऊन बसेल, आणि पक्षी त्याच्या पाठीमागून येतील. बेटावरचं शेंबडं पोरही असं करणार नाही. वायव्येच्या वाऱ्यात थवा पलीकडच्या अंगाला, आडोशाच्या सावलीत सोडतात. या बाजूला मांडतात ते आग्नेयेच्या वाऱ्यात."

शेरीफचा हसरा चेहरा जरा उतरला. आग्नेयेचा वारा काल होता, दिवसभर. रात्री चर्चमधला गानसराव सुटायच्या वेळी तो एकाएकी फिरला, हे सर्वांनाच ठाऊक होते. कितीतरी टोप्या उडाल्या होत्या.

"म्हणजे थवा कालच मांडला."

"उजेड असताना. अंधारात एवढा नेमका मांडता येत नाही."

"तरी जखम उरतेच, ॲसबरी."

"उरते," ॲसबरी म्हणाला, आणि पुन्हा पाण्याकडे पाहू लागला. लालडोकी नरबदके दोन पंखांसारखी डावी-उजवीकडे पसरली होती. मध्ये फिकट माद्यांची एक सरळ ओळ, कुंपणासारखी. त्या ओळीच्या डाव्या अंगास मोकळे पाणी. उजव्या अंगासही तेवढेच मोकळे पाणी. उडते पक्षी ज्या मोकळ्या जागेत उतरावेत म्हणून शिकारी ती राखतो, तिला बेटावर दार म्हणतात.

इथे दारे दोन होती.

३

अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत वेस बाकावर बसला होता. समोर तळलेल्या कालवांची ताटली तशीच गार झाली होती.

"या, वॉर्डनसाहेब. पकडायला उशीर केलात, या खेपेला दुसऱ्यानं आधी पकडलं."

"काल दुपारी कुठं होतास?"

"सगळ्या जगाला माहितीये. कालवांच्या बोटीवर. पण मला पहाटेचंच विचारतात सगळे, दुपारचं कुणी विचारत नाही."

"मी विचारतोय."

"पहाटेपासून खडकाळीवर होतो, सहा जण. रात्री वारा फिरला तेव्हा त्यानंच हाकलून घरी आणलं आम्हाला. कप्तानाला विचारा, स्वयंपाक्याला विचारा." मग त्याचा आवाज खाली आला. "म्हाताऱ्याशी भांडलो मी. शिव्या दिल्या. पण सकाळी त्यांना उलटं केलं ना, तेव्हा त्यांच्या मिशीत बर्फ होता. तो मी बोटांनी काढला. का काढला कोण जाणे. लोरेनाला बघवणार नाही म्हणून असेल."

ॲसबरीने ताटली त्याच्याकडे सरकवली. "खा. आग्नेयेचा वारा तुझ्या बाजूनं साक्ष देतोय."

"मग सोडा की."

"सोडतील. पण तेवढ्यावर शेरीफ म्हणेल की म्हातारा घसरून पडला, आणि लोक म्हणतील की जावई सुटला. उरलेला जन्म त्या दोन वाक्यांच्या मध्ये काढशील का?"

 वेसने एक कालव उचलून तोंडात टाकले.

४

संग्राहक व्हिटलॉक बंदरावरच्या खानावळीत वरच्या मजल्यावर उतरला होता. माणूस सभ्य होता, आणि लाकडी बदकांवर त्याचे खरेखुरे प्रेम होते. त्याचा आवाज त्यांच्याविषयी बोलताना हळू होई.

"मिस्टर पार्क्स काल दुपारी इथंच, या खुर्चीत बसले होते," तो म्हणाला. "मीच बोलावलं होतं. म्हटलं, तुमच्या आजोबांच्या हातचा हा पक्षी मला मिळालाय, तुम्ही एकदा पाहा. त्यांना किती आनंद झाला असेल! शब्दच फुटेना."

त्याने मऊ फडक्यातून एक लालडोके बदक काढून टेबलावर ठेवले. रंग ठिकठिकाणी झिजलेला, शेपटीशी जुन्या छऱ्यांचे खळगे, मान किंचित मागे वळलेली, जणू कुणी हाक मारली आहे.

"काय म्हणाले ते?"

"आधी हातात घेतलं. उलटं केलं. मग छातीखाली अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून बसले. विचारलं, 'हे कुणी दिलं?' मी सांगितलं, विकणाऱ्याचं नाव न सांगण्याचं वचन दिलंय. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. टोपी घातली आणि गेले."

"तुम्ही एल्वूडची स्वतःची बदकं का घेत नव्हता?"

व्हिटलॉक ओशाळला. "बाजार क्रूर असतो हो. कारागीर हयात असला की लोक म्हणतात, उद्या आणखी करील. मेलेला हात पुन्हा काही करीत नाही, म्हणून त्याला मोल."

"आता त्याच्याही बदकांना मोल आलं म्हणायचं," ॲसबरी म्हणाला. त्याने ते बदक उचलले आणि छातीखाली, जिथे एल्वूडने ठेवला होता तिथे, आपला अंगठा ठेवला. लाकूड तिथे किंचित खोलगट लागले. कुणीतरी तेवढीच जागा निगुतीने खरवडून, वर डांबराचा काळसरपणा चढवला होता.

बायको वारल्यापासून एल्वूड प्रत्येक बदकाच्या छातीखाली तापल्या खिळ्याने तीन ठिपके डागत असे: एक तिचा, एक लोरेनाचा, एक आपला. ते तीन ठिपके जेवढ्या जागेत मावतात, खळगा तेवढाच होता.

म्हणजे हे आजोबांचे बदक नव्हते. एल्वूडने आपल्याच हाताला ओळखले होते. आणि ज्याला ते आपण दिले त्यालाही.

५

हॅन्स टायलर एल्वूडचा चाळीस हिवाळ्यांचा सोबती. त्याच्या स्वयंपाकघरात कालवांचे दुधातले कालवण उकळत होते, आणि तो ते ढवळायचे विसरला होता.

"बस, ॲसबरी. मला काही सुचत नाहीये. माणूस गेला नाही रे, माझी डावी बाजू गेली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आडोशात तो डावीकडे, मी उजवीकडे. चाळीस वर्षं. डावं दार त्याचं, उजवं माझं. मधे माद्यांची ओळ. त्याच्या दारात उतरलेल्या पक्ष्यावर मी कधी बंदूक उचलली नाही, माझ्या दारात त्यानं उचलली नाही. नवरा-बायकोचं एवढं जमत नाही."

"शेवटचा कधी भेटलास?"

"गुरुवारी, दुकानापाशी. वेसशी भांडत होता तेव्हा. या हिवाळ्यात गेलोच नाही मी त्याच्याबरोबर. हे गुडघे! खाली बसलं की उठायला मजूर लावावा लागतो."

ॲसबरीची नजर चुलीवरच्या फळीवर गेली. तिथे एके काळी बदकांची रांग असे. दर नाताळात एल्वूड एक नवे बदक कागदात गुंडाळून हॅन्सच्या दारात ठेवून जाई. दार वाजवत नसे. आता फळीवर एक घड्याळ होते, आणि पिठाचे डबे.

"नाताळची बदकं कुठं गेली रे?"

हॅन्सने डाव हातात घेतला, पण ढवळले नाही. "भाच्यांना दिली. पोरांना आवडतात. आणि म्हाताऱ्यानं धूळ किती पुसायची?"

"खरंय." ॲसबरी उठला. "कालवण लागतंय बघ खाली."

रविवारी सकाळी चर्चच्या पायरीवर त्याने लोरेनाला बाजूला घेतले. वेस सुटला नव्हता. शेरीफ बोटीच्या कप्तानाशी बोलून येतो म्हणाला होता. लोक तिच्याजवळून जाताना आवाज खाली करीत होते.

"पोरी, एकच सांग. एकटा जायचा तेव्हा तुझा बाप किती दारं ठेवायचा?"

तिने चकित होऊन त्याच्याकडे पाहिले. "एक. या हिवाळ्यात एकच. मी विचारलं होतं एकदा, दुसरं का नाही ठेवत? म्हणाले, दुसरं दार ठेवलं की मान आपोआप तिकडं वळते, आणि शेजारी कुणी नसतं."

ॲसबरीने टोपी काढली आणि ती हातात धरून तो क्षणभर उभा राहिला. मग तो आत, हॅन्सच्या बाकाकडे चालू लागला.

६

"लोरेनाला बदकं घरी हवीत," एवढेच त्याने हॅन्सला सांगितले. "माझ्या एकट्यानं थवा उचलवणार नाही."

हॅन्स आला. नावेत बसताना त्याचे गुडघे मुळीच कुरकुरले नाहीत, आणि ते दोघांच्याही ध्यानात आले. वारा पडला होता. ॲसबरी वल्हवत होता, हॅन्स वाकून बदके उचलत होता. दोरी गुंडाळून, वजन मानेवर अडकवून, एकेक पोत्यात ठेवत होता. 

माद्यांची ओळ संपत आली तेव्हा ॲसबरीने वल्ही थांबवली.

"हॅन्स, उजवं दार कुणासाठी ठेवलंस?"

हॅन्स वाकलेलाच राहिला.

"एकटा एल्वूड एकच दार ठेवायचा. बेटावर दोन दारांचा थवा फक्त तुम्ही दोघं मांडत होता. त्यानं मांडला असेल तर तू शेजारी होतास. तू मांडला असशील तर तू इथं होतास. कोणत्याही बाजूनं मोजलं तरी शुक्रवारी तू इथं होतास, आणि मला गुरुवार सांगितलास."

"तसा वेस—"

"वेस वारा फिरेपर्यंत खडकाळीवर होता. आणि थवा वारा फिरायच्या आधीचा. व्हिटलॉकला यातलं काही येत नाही. त्यानं मांडला असता तर बदकं टोपलीतून सांडल्यासारखी पडली असती. हा थवा मन लावून मांडलेला आहे, हॅन्स. वाकडा मांडायला तुझा हात तयार झाला नाही."

हॅन्स नावेच्या फळीवर हळूच बसला. हातातल्या मादीच्या पाठीवरचा बर्फ तो अंगठ्याने काढत राहिला.

"मला कळलंच नाही रे," तो शेवटी म्हणाला. "दोन दारं ठेवली हे मला आत्ता कळतंय."

"शुक्रवारी तो तुझ्याकडं आला होता?"

"माझ्या धक्क्यावर. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, 'हॅन्स, मी तुला दिलेली होती ती.' एवढंच. मी म्हटलं, तुझ्या नावाला कोण विचारतो, तुझ्या आजोबाच्या नावाला विचारतात. कौतुक तर तुझ्याच हाताचं झालं ना? तर म्हणे, 'ठिपके खरवडलेस. त्यातला एक तिचा होता.' आणि म्हणे, रविवारी चर्चमध्ये उभा राहून सांगणार. तुझं नाव घेणार नाही म्हणाला, पण बदकं खोटी आहेत हे सांगणार. नाव न घेता कसं राहिलं असतं? सगळ्या बेटाला ठाऊक, नाताळची बदकं कुणाकडं जातात ते."

"मग?"

"छातीवर हात ठेवून ढकललं. जोरात नाही. लाकूड निसरडं होतं. नाव आणि खांब यांच्या मधे गेला. डोकं आपटलेलं ऐकलं मी." तो थांबला. "मी उभा राहिलो, ॲसबरी. वाकलो असतो तर कोट हाताला लागला असता. मी उभा राहून विचार करत होतो, की वर आला तर रविवारी बोलेल. तो वर आला नाही."

लांब कुठेतरी बदकांचा खरा थवा आवाज करीत गेला. दोघांनीही वर पाहिले नाही.

"त्याला इथं आणलं. त्याची बंदूक आणली, थवा आणला. वाटलं, म्हातारा शिकारीला जाऊन बुडाला असं लोक म्हणतील. चांगलं मरण म्हणतील. वेसला धरतील हे डोक्यातही नव्हतं."

"पण धरल्यावर गप्प बसलास."

"बसलो." त्याचा चेहरा आता एखाद्या रंग उडालेल्या लाकडासारखा झाला होता. "काल कालवण केलं दोघांपुरतं. सवयीनं. आता काय करतोस?"

"मी काही करत नाही. किनाऱ्यावर शेरीफ उभा आहे, लोरेनाही आहे. हे तू त्याला सांगायचंस, आणि त्याच्याआधी लोरेनाला. माझ्या तोंडून नाही, तुझ्या."

हॅन्सने बराच वेळ किनाऱ्याकडे पाहिले. पळायचे असते तर पाणी सगळीकडे होते. पण त्याने हातातल्या मादीची दोरी नीट गुंडाळली, वजन तिच्या मानेवर अडकवले आणि तिला पोत्यात ठेवले. मग उरलेली बदके उचलायला तो पुन्हा वाकला. आधी डावे दार, मग उजवे.

किनाऱ्यावर त्याने टोपी काढून लोरेनाला जे सांगितले ते तिने उभ्यानेच ऐकून घेतले. ती ओरडली नाही. फक्त शेवटी म्हणाली, "बाबांनी यंदाचंही केलं होतं, हॅन्सकाका. नाताळात तुम्ही घरी नव्हता म्हणून दारात ठेवलं नाही. अजून कागदात आहे." त्यानंतर हॅन्स टायलरला हात धरून न्यायची वेळ शेरीफवर आली, कारण त्याचे गुडघे आता खरोखरच चालेनात.

सोमवारी सकाळच्या बोटीने तो गेला. वेस त्याआधीच घरी आला होता. व्हिटलॉकने विकत घेतलेली सगळी बदके पेटीत भरून लोरेनाच्या ओसरीवर आणून ठेवली, आणि तो निघून गेला. वेसने खिळा चुलीत तापवला. प्रत्येक बदकाच्या छातीखालच्या खळग्यात लोरेनाने ते तीन ठिपके पुन्हा डागले; जळत्या देवदाराचा वास घरभर पसरला. दारात उभ्या असलेल्या ॲसबरीला ती आत या म्हणाली, पण तो आत गेला नाही.

उंबऱ्यापाशीच त्याने डोके लववले आणि ओठातल्या ओठात म्हणाला: जो गेला त्याला निवांत पाणी लाभो. जो मागे राहिला त्याला सत्य सांगितल्याची तरी झोप लाभो. या घरावरून जाणारा वारा सौम्य असो. आणि या घरातल्या दोघांच्या शेजारची जागा कधी रिकामी न राहो.